वॉशिंग्टनला बुटांची राखण

आमचं लग्न झालं तेव्हाच एक वाटणी होऊन गेली: देव सुधाचा, चपला माझ्या. मी देव मानत नाही. ती मानते, आणि भरपूर मानते. त्यामुळे तुळजापूरपासून रामेश्वरपर्यंत ती गाभाऱ्यात आणि मी बाहेर चपला राखत, असा आमचा अडतीस वर्षांचा संसार झाला. मोठमोठ्या देवळांच्या पायऱ्यांबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो. आत काय आहे ते मला विचारू नका.

म्हणूनच अमेरिकेतल्या आमच्या मुलाने, अमोलने, त्याच्या एडिसन गावाहून आम्हाला तीन दिवस वॉशिंग्टनला न्यायचं ठरवलं तेव्हा मी खूश झालो. संग्रहालयं, पुतळे, सरकारी इमारती. एकही देऊळ नाही! सुनेला सुट्टी नव्हती, म्हणून गाडीत अमोल, त्याची तेरा वर्षांची रिया, आम्ही दोघं आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. वाटेत पार्किंगमध्ये बॉनेटवर डबा उघडला, तसा शेजारच्या गाडीतला एक आडदांड गृहस्थ वास घेत आला. सुधाने त्याला दोन पुऱ्या आणि लोणचं दिलं. त्याने लोणच्याची फोड अख्खी तोंडात टाकली, "वॉव" म्हणाला आणि पाण्याची बाटली शोधायला आपल्या गाडीकडे पळाला.

सुधाच्या बुटांबद्दल आत्ताच सांगून ठेवतो. टाचेच्या दुखण्याने ती दोन वर्षं घरात बसून होती. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी मापाचे तळ बनवून दिले. करड्या बुटांत ते घातले आणि बाई चालायला लागली. आमच्या वयाचे सगळे लोक विमानतळावर हौसेने व्हीलचेअर मागतात. हिने ठणकावून नाही म्हटलं. अमेरिका स्वतःच्या पायांनी बघायची, हा तिचा हट्ट होता. त्या तळांशिवाय मात्र तिला आधार न घेता दहा पावलंही टाकवत नाहीत.

वॉशिंग्टनच्या मधोमध एक उंच पांढरा मनोरा आहे, कुणीतरी जमिनीत खडू रोवल्यासारखा. त्याला लांबूनच रामराम करून आम्ही अवकाशयानांच्या संग्रहालयात गेलो. तिथे चंद्रावरून आणलेल्या दगडाला बोट लावता येतं. सुधाने बोट लावलं आणि सवयीने कपाळाला टेकवलं. मागचा गोरा माणूस क्षणभर गोंधळला आणि त्यानेही तसंच केलं. रियाने टोपी डोळ्यांवर ओढली.

दुपारी ट्रकवरचा फलाफल (आपल्या वड्याचा अरबी भाऊ) खाऊन आम्ही गुलामगिरी संपवणाऱ्या राष्ट्राध्यक्षाचं स्मारक बघायला गेलो. समोर लांबलचक पाणी, मग ढीगभर पायऱ्या, वर जाडजूड खांब आणि आत खुर्चीत बसलेला भला थोरला दगडी माणूस. शेवटच्या पायरीवर सुधा थांबली आणि बूट काढायला लागली.

"अगं, देऊळ नाही ते!" मी म्हणालो.

"आजी, प्लीज! इट्स नॉट अ टेंपल!" रिया.

"माणसांना सोडवलं ना त्याने? मग त्याच्यासमोर बूट घालून जायचं?" सुधा म्हणाली. "अहो, तुम्ही बसा इथे."

तेवढ्यात मला अवदसा आठवली. "अमेरिकेत कोण तुझे बूट चोरतंय?" असं म्हणून, अमोलच्या खांद्यावर हात टाकून निघालेल्या तिच्या मागोमाग मीही आत गेलो. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच मी राखण सोडली.

पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन बघतो तर काय, पायरीवर बुटांची रांग! सात जोड. सुधाचे बूट बघून येणाऱ्या प्रत्येक देशी कुटुंबाला वाटलं होतं, इथे काढायचे असतात. दोन जपानी मुलीही मोजे सावरत आत चालल्या होत्या. रेंजर (तिथला टोपीवाला रक्षक) कमरेवर हात ठेवून उभा होता.

"सर, एनी आयडिया व्हाय पीपल आर डूइंग धिस?"

"नो आयडिया," मी निर्लज्जपणे म्हणालो.

सुधाने पाय घातला आणि तिचा चेहरा उतरला. बूट तसेच करडे, पण एक नंबर लहान, आणि आत तळ नव्हते. कुणीतरी तिचे घालून गेलं होतं. अजून दोन दिवस होते, आणि आता ते तिने हॉटेलच्या खिडकीतून बघायचे.

मी तो लहान जोड उचलला आणि पायऱ्या उतरून पाण्याच्या कडेने निघालो. चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, पण सुधाचं पादत्राण मी हजारांत ओळखतो. उजवा बूट बाहेरच्या बाजूने झिजतो. परक्या देशात, हातात बायकांचे बूट घेऊन, बायकांच्या पायांकडे निरखून बघत पळणारा सदुसष्ट वर्षांचा म्हातारा! मला पोलिसांनी का धरलं नाही, देव जाणे.

अर्ध्या वाटेवर झिजलेला उजवा दिसला. वर जांभळी साडी, हैदराबादच्या बाई. मी हातातला जोड पुढे केला.

"हाय राम!" त्या म्हणाल्या. "मैं इनको बोल रही थी, आज एड़ी में दर्द कैसे नहीं है!"

बूट बदलेपर्यंत त्यांचे यजमान खाली मान घालून उभे होते. हाही आपल्याच खात्यातला, हे मी ओळखलं.

"आप भी अंदर गए थे?" मी हळूच विचारलं.

"पहली बार," ते म्हणाले.

परत आलो तर सुधा पायरीवर अनवाणी बसली होती, शेजारी परक्यांचे सहा जोड घेऊन. रेंजरही तिच्याशी अदबीने बोलत होता.

"जागा रिकामी होती, म्हणून बसले," ती म्हणाली. "अहो, इथून किती छान दिसतं! पाणी, मनोरा, येणारी जाणारी माणसं. आणि अडतीस वर्षं तुम्ही मला सांगत आलात की बाहेर फार कंटाळा येतो!"

तिला वाकून नाड्या बांधता येत नाहीत, म्हणून मी दोन्ही गुडघे टेकून तिच्या पायांत बूट चढवले, नाड्या बांधल्या. ती उभी राहिली, टाच दाबून बघितली आणि दहाव्या पावलाच्या पुढे चालत गेली. माझा जीव भांड्यात पडला. उरलेले दोन्ही दिवस ती आमच्या सगळ्यांच्या पुढेच होती.

रियाने गुपचूप काढलेला फोटो आता एडिसनच्या फ्रिजवर लावला आहे. मागे खांब, वर सुधा, आणि तिच्या पायांशी गुडघे टेकून वाकलेला मी.

"अखेर देवळात वाकलात," सुधा येता जाता चिडवते.

"देऊळ नव्हतंच ते," मी म्हणतो. वाकलो नव्हतो, असं मात्र म्हणत नाही.