पुस्तकात पळालेली बाई

खंडाळ्याच्या एका बंगल्यात भरदुपारी झालेल्या खुनावरचं ते पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पंधरा वर्षांची होते. पुढे लोणावळ्यातल्या वाचनालयात नोकरीला लागले आणि त्याच पुस्तकाची बांधणी तीनदा करून घेतली. दुसरं कुठलंच पुस्तक इतकं फाटलं नाही. कामावरून काढलेला ड्रायव्हर कोयता घेऊन येतो, म्हाताऱ्या मालकिणीला दिवाणखान्यात गाठतो. पहिला घाव खांद्यावर, दुसरा मानेवर. फरशीला उतार होता म्हणून रक्त कपाटाखाली गेलं, इतकं बारीक त्यात लिहिलेलं. सगळं खरं, असं सगळेच म्हणायचे. कुणी पर्यटक विचारायला आला की मी ते प्रकरण जवळजवळ तोंडपाठ सांगायचे. चवीने सांगायचे, हे आता लिहिताना लाज वाटते.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी वाचनालय उघडायला गेले तर पायरीवर एक आजी बसलेल्या. सुदुंबऱ्याहून दोन गाड्या बदलून आलेल्या. डावा हात पदराखाली.

"त्या कोयत्याच्या खुनाचं पुस्तक हाय का हितं?"

"आहे. कुणाला हवंय?"

"मलाच. पर वाचता येत न्हाई. तुमी वाचा बाई. मोलकरणीचं काय लिवलंय, तेवढंच."

घरी त्यांची सून मोबाईलवर कुणाच्या तरी आवाजात ते पुस्तक ऐकत होती, आणि आजी शेजारी भाकरी थापत होत्या. "ती मोलकरीण म्हंजी मी," त्या म्हणाल्या. "सुनेला ठावं न्हाई. खरंच तसं छापलंय का, ते बघाया आले."

मी पुस्तक काढलं. मोलकरणीवर दोनच वाक्यं होती. मागचं दार तिने उघडं ठेवलं होतं, ते कुणासाठी हे तिलाच ठाऊक. आणि रक्त बघताच ती रेल्वेलाइनकडे पळाली. मी खालच्या आवाजात वाचलं.

"परत वाचा."

परत वाचलं. मग त्यांनी पदराखालचा हात टेबलावर ठेवला. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट मुळापासून नव्हतं. तळव्यावर आडवा, पांढरा, उंच वण.

"दार मीच उघडं ठेवलं व्हतं. मागं धुणं वाळत घालत व्हते. आत आले तर बाईसाहेब खाली, आन् त्यो परत कोयता उगारतोय. मी पातंच धरलं. त्येनं हिसका दिला. बोटं तितंच पडली. मंग मी त्येच्या मनगटाला दात लावले, पार हाडापत्तुर."

त्याने त्यांना भिंतीवर आपटलं. त्या उठल्या, मालकिणीच्या काखेत हात घालून तिला मोरीपर्यंत ओढत नेलं आणि आतून कडी लावली.

"त्यो दारावर घाव घालाया लागला. फळी फुटून पात्याचं टोक आत यायचं, माझ्या कानापाशी. मी दाराला पाठ लावून बसले. लुगडं बाईसाहेबांच्या मानंत कोंबलं. रगत आधी लय गरम लागलं, मंग गार पडत गेलं. त्या गेल्या तवा त्यांचं डोकं माझ्या मांडीवर व्हतं. बाहीर घाव थांबले, तवा मी उठले आन् लायनीवरच्या गँगमनला बोलवाया पळाले. पळाले व्हय, न्हाई कोण म्हणतंय? पर कवा पळाले, ते लिवलंय का?"

लिहिलं नव्हतं. मी अटकेचं पान उघडलं. ड्रायव्हरच्या मनगटाला पट्टी होती, काच लागल्याची. मी ती ओळ किती वेळा वाचली असेल.

लेखक ऐंशीच्या पुढचे, पुण्यात असतात. प्रकाशकाकडून नंबर मिळवून त्याच दुपारी फोन केला.

"तुम्ही त्या बाईंना भेटला होतात?"

"नाही. त्या दवाखान्यात होत्या, नंतर गावी गेल्या. ड्रायव्हर मात्र तुरुंगात बोलायला तयार होता. आठ वेळा भेटलो त्याला."

"कोर्टात त्यांची साक्ष झाली होती, असं त्या सांगतात."

"असेल. तोवर पुस्तक छापायला गेलं होतं." मग त्यांनीच विचारलं, "त्या आहेत अजून?"

"माझ्यासमोर बसल्यात."

मी फोन आजींपुढे धरला. त्यांनी नको म्हणून मान हलवली. "त्येला काय सांगू? तुमीच लिवा."

मी लिहिलं, त्यांच्याच बोलीत, पानभर. त्यांनी उजव्या हाताने सही केली. साक्षरतेच्या वर्गात तेवढीच शिकल्या होत्या. ते पान त्या दोन वाक्यांसमोर चिकटवलं. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली ती जुन्यासारखीच, पण आमची प्रत वेगळी आहे. चिकटवलेल्या पानाने रंगत जाते, अशी एका वाचकाने तक्रार केली. दुसऱ्या कुणी तरी ते फाडून नेलं; मी आधीच काढून ठेवलेली त्याची झेरॉक्स लावली.

महिन्याभराने आजींची सून, त्या पानाबद्दल कुणाकडून तरी ऐकून, एकटीच आली. उभ्याउभ्याच पान वाचलं, मग खुर्ची ओढून खाली बसली.

"आत्या आमाला म्हणायच्या, बोटं कडबाकुट्टीत गेली," ती म्हणाली. "आमच्या घरात कडबाकुट्टी कधीच नव्हती. आन् आमी कुणी इचारलं बी न्हाई."

तिने आठ दिवसांसाठी पुस्तक घरी नेलं. घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून तिनेच ते पान वाचून दाखवलं, असं परत आणून देताना सांगितलं. आजी मध्येच उठून गोठ्यात गेल्या म्हणे, आणि बराच वेळ आल्या नाहीत.