मगरीच्या रिळाची पूजा

माझ्या नवऱ्याला मासळीचा वास सहन होत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. जर्मनीत, वाल्डॉर्फच्या आमच्या फ्लॅटखाली राहणाऱ्या बाईंनी शुक्रवारी मासा तळला, की हा नाकाला रुमाल लावून बाल्कनीचं दार आपटतो. आणि हाच माणूस त्या शरदात जेवणाच्या टेबलावर मगरी धरायचं रीळ, म्हणजे गळाची दोरी गुंडाळायचं यंत्र, मांडून बसला होता. शी! 

त्याच्या साहेबाला शिकारीचा नाद. साहेब जर्मन, पण दर वर्षी फ्लोरिडाला जाऊन मगरी धरतो. परवाना-बिरवाना काढून, अगदी कायद्यानं. त्या वर्षी त्याच्या बोटीत एक जागा रिकामी झाली आणि त्यानं माझ्या नवऱ्याला विचारलं. टीम लीडची खुर्चीही नेमकी तेव्हाच रिकामी व्हायची होती. जिलेटिन असेल म्हणून गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचणारा हा गृहस्थ, साहेबाला म्हणाला, "गेनाऊ! अगदी! मला लहानपणापासून आवड आहे." कसली आवड डोंबलाची! यानं आयुष्यात मगर पाहिली ती गजेंद्रमोक्षाच्या चित्रात, हत्तीचा पाय धरलेली.

साहेबाचा नियम होता, बोटीवर येणाऱ्यानं आपलं रीळ आपण आणायचं. म्हणून घरात रिळांचा अभ्यास सुरू झाला. आता मी कोळ्याची पोर. आमचं गाव रायगडच्या किनाऱ्यावर. बापाचं आयुष्य होडीवर गेलं, आईनं जन्मभर टोपलीतून मासळी विकली. पण आमच्याकडे सगळं काम जाळ्याचं, असलं चकचकीत यंत्र मीही कधी हातात धरलं नव्हतं. नवरा मात्र आठवड्याभरात पंडित झाला. रोज संध्याकाळी वरणभात कालवता कालवता मला शिकवायचा. मगरीला वेग नको, ताकद हवी, म्हणून हँडल फिरवलं की दोरी सावकाश पण दमदार ओढली जाईल असं रीळ घ्यायचं. दोरी जाड, विणलेली, म्हणून रीळही पोटाला मोठं हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचा ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक. मगर तळाशी जाऊन बसते, तेव्हा दोरी तुटूही नये आणि सुटूही नये, इतका तो घट्ट पाहिजे.

हे सांगताना समोर मोबाइलवर व्हिडिओ चालू. एक माणूस बोटीतून भलामोठा तीन टोकांचा गळ फेकतोय, मगरीच्या पाठीवरून ओढतोय, तो कातड्यात रुततोय. मग तासभर ओढाताण. ती दमून वर आली, की तिचं पांढरं पोट दिसतं, तिच्या जबड्याला चिकटपट्टी गुंडाळतात आणि सगळे दात काढून हसतात. माझा नवरा ते पाहत वरणभातावर तूप घ्यायचा आणि भुरके मारायचा. मला घास जाईना. मासळी कापणाऱ्या घरात वाढलेली मी, रक्ताला भिणारी नव्हे. पण ते हसणं बघून अंगावर शिसारी यायची.

याच दिवसांत आई आली. पहिल्यांदाच. गुडघ्यांनी टोपली सोडायला लावली होती, व्हिसा मिळाला होता, तीन महिने लेकीकडे राहायला म्हणून ती बाई एकटी विमानात बसली. बॅगेत कपडे कमी आणि खाऊ जास्त: सोडे, सुके बोंबील, घरचा मसाला, कोकमं. नवऱ्यानं विमानतळावरच वास ओळखला. घरी आल्यावर पाया पडला, चहा केला, आणि ती पिशवी तीन पिशव्यांत गुंडाळून तळघरातल्या आमच्या केलरमध्ये नेऊन ठेवली. सायकलच्या जुन्या टायरशेजारी.

"आईला चालायचं नाही गं," तो मला हळूच म्हणाला. आई म्हणजे त्याची आई, पुण्याच्या माझ्या सासूबाई.

हे "आईला चालायचं नाही" आमच्या संसारात लग्नापासून होतं. सासर शाकाहारी, लग्न आमचं आम्ही जमवलेलं. त्यानं तेव्हाच सांगितलं होतं, आईनं तुला मनापासून स्वीकारलंय, फक्त एकच अट आहे, घरात मासळी शिजायची नाही. मीही म्हटलं, चालेल. सासूला जाऊन उलट कोण विचारणार? मग पुणं सुटलं, जर्मनी आली, सासूबाई हजारो मैलांवर राहिल्या, पण अट आमच्याबरोबर आली. मासा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये खायचे. उकडलेला, लिंबू पिळलेला, बेचव तुकडा.

पण आई आल्यावर मला एकच गोष्ट हवी होती. माझ्या घरात, माझ्या टेबलावर बसवून, माझ्या हातचं कालवण तिला वाढायचं. बस. तिनं आम्हा भावंडांना जन्मभर वाढलं, आणि लेकीच्या घरी येऊन ती दुधीची भाजी खात होती. "छान झालीय गो," म्हणायची. तिचं तोंड मला कळत नाही होय? दोन आठवड्यांत ती उतरली. रात्री अर्धी पोळी घ्यायची आणि पोट भरलं म्हणायची.

एका शनिवारी नवऱ्यानं आम्हा दोघींना गाडीत घातलं आणि ऱ्हाईनच्या काठावरच्या गळाच्या दुकानात नेलं. भिंतीभर रिळं. दुकानदार म्हातारा, मिशीवाला. त्यानं विचारलं, कुठला मासा? नवरा छाती काढून म्हणाला, मासा नाही, ॲलिगेटर. म्हाताऱ्यानं चष्म्यावरून पाहिलं, मग ऱ्हाईनमधल्या माणसाएवढ्या मिशाळ माशांसाठीची रिळं पुढे केली. याहून दणकट माझ्याकडे काही नाही म्हणाला. मग नवऱ्याचं ते हँडल फिरवून बघणं, कानाशी धरून ऐकणं, "या, या", म्हणजे हो, हो, करत मान हलवणं. लग्नाच्या साड्या घेताना इतका वेळ नव्हता लावला.

आईनं मला विचारलं, "हे कशाला गो एवढं मोठं?"

मी सांगितलं. लपवायचं काय?

"मगर? नि गळ गिळते ती?"

"गिळत नाही. पाठीत नाहीतर पोटात रुतवतात आणि ओढतात."

आईनं भिंतीवरच्या रिळांकडे पाहिलं. मग जावयाकडे वळून म्हणाली, "नि खाता काय तुम्ही ती?"

"छे छे, आई! मी कसा खाईन?" नवऱ्याला खरंच धक्का बसला. "मी शाकाहारी आहे ना."

आईनं पदर तोंडाला लावला आणि बाहेर जाऊन गाडीपाशी उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना. रीळ घेऊनच आम्ही परतलो. काळं, सोनेरी पट्ट्यांचं, नारळाएवढं.

घरी आल्यावर त्याची परीक्षा. भारतात जाताना बॅगा तोलायचा हातकाटा असतो ना, प्रत्येक देशी घरात असतो तो, त्याच्या हुकाला दोरी बांधून हा ड्रॅग मोजायला लागला. काटा माझ्या हातात, दोरी पॅसेजभर ताणलेली, हा दिवाणखान्यात पाय रोवून ओढतोय आणि ओरडतोय, "किती दाखवतोय? किती?" माझ्या तळहाताला वळ उठले. मग मी काटा टाकून दिला, तर पठ्ठ्यानं दोरी बासमतीच्या पोत्याला बांधली. पोतं फरफटत आलं, दाराच्या चौकटीला अडकलं आणि फाटलं. घरभर तांदूळ! हा रिळाला ओरखडा गेला का ते बघत बसला. माझी आई गुडघे दुखत असताना खाली बसून तांदूळ गोळा करत होती. "अन्नाला पाय लागतो गो," एवढंच म्हणाली. मला त्या क्षणी त्याच्याकडे पाहून जी किळस वाटली, ती मी शब्दांत सांगू शकत नाही. आणि तरी मी कालवणाचं बोलले नाही. सासूबाईंचा मान होता ना मध्ये.

मग दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा होते. हत्यारं म्हणजे काय, तर दोन लॅपटॉप, गाडीची किल्ली, माझ्या सुऱ्या, कात्री, स्क्रूड्रायव्हर. मी चौरंगावर सगळं मांडलं, रोपवाटिकेतून आणलेली झेंडूची फुलं वाहिली. तेवढ्यात नवरा आंघोळ करून, सोवळ्यासारखी लुंगी नेसून आला आणि ते रीळ लॅपटॉपच्या वर, अगदी देवीच्या पुढ्यात ठेवलं.

"हे उचल," मी म्हटलं.

"का? हत्यारच आहे. खरं सांगायचं तर या घरातलं एकमेव खरं हत्यार हेच आहे." आणि त्यानं त्याला हळदकुंकू वाहिलं. हँडलला झेंडू अडकवला. उदबत्ती ओवाळली. जिच्यात जीव आहे तिचं कातडं फाडायचं, ते पण हौस म्हणून, खुर्चीसाठी, आणि त्या यंत्राला देवीपुढे पाट! माझ्या आईचे बोंबील मात्र टायरशेजारी.

सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा पूजा दाखवायची म्हणून त्यानं फोन चौरंगावरून फिरवला.

"ते चकचकीत काय रे?" सासूबाईंनी विचारलं.

"व्यायामाचं आहे, आई. मनगटासाठी."

"हो का? कर हो व्यायाम. पोट सुटलंय तुझं."

फोन ठेवला. इतकी सहज थाप! मी उठले. चप्पल घातली, केलरमध्ये गेले आणि पिशवी घेऊन वर आले. त्याच्या देखत ओट्यावर उघडली. सोडे पाण्यात टाकले, कांदा चिरला, लसूण ठेचली, आईचा मसाला भाजला. सगळ्या घरात वास सुटला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कांद्यानं नाही.

तो धावत खिडक्या उघडायला लागला. "सणाच्या दिवशी? डोकं फिरलं का तुझं? आईला कळलं तर?"

"सांग तिला, मनगटाचा व्यायाम चाललाय," मी म्हटलं.

भात झाला, कालवणाला कोकमाचा रंग आला. ताट वाढून मी आईला हाक मारली. ती खोलीतून आली, ताटाकडे पाहिलं. तिच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसत होतं. पण बसेना.

"नाय गो. मी चोरून जेवायची नाय. तुझ्या सासूची अट हाय, तिला विचार. हो म्हणाली तर जेवीन, नायतर उचल ताट."

"आई, जाऊ दे ना," नवरा एकदम मध्ये आला. "जेवा तुम्ही. मी काही म्हणणार नाही. फोन कशाला?"

इतका वेळ खिडक्या उघडत फिरणारा माणूस फोन म्हटल्याबरोबर जेवा म्हणायला लागला. मला तेव्हाही कळलं नाही. मी फोन लावला.

"अहो आई," मी म्हटलं, "रागावू नका. माझ्या आईसाठी सोड्याचं कालवण केलंय. तुमची अट मोडतेय. ती म्हणते, तुम्ही परवानगी दिलीत तरच जेवेन."

 मग सासूबाई म्हणाल्या, "माझी कसली अट?"

"घरात मासळी शिजवायची नाही, ही."

"अगं, माझ्या घरात नको एवढं मी म्हटलं असेन. तुझ्या घरात तू काय शिजवावंस ते मी कशाला सांगू? तूच सोडलंस ना सगळं? हा म्हणाला, तिनं आपल्यासाठी आपणहून सोडलं. मला तर तेव्हा भरून आलं होतं. चार बायकांना सांगितलंय मी, आमची सून अशी आहे म्हणून." मग जरा थांबून, "दसऱ्याला केलं नसतंस तर बरं झालं असतं. पण आता केलंयस तर विहीणबाईंना गरम गरम वाढ. त्यालाच लहानपणापासून वासानं मळमळतं, त्याचं काय मनावर घेतेस?"

मी फोन खाली ठेवला. नवरा फ्रिजला टेकून उभा होता. "मी सांगणारच होतो," म्हणाला.

इतकी वर्षं मी त्या बाईला मनातल्या मनात बोल लावले होते, आणि इतकी वर्षं ती चार बायकांत माझं कौतुक करत होती. दोघींच्या मध्ये हा बसला होता, आरामात, नाकाला रुमाल लावून.

आईनं सगळं ऐकलं होतं. ती खुर्ची ओढून बसली, ताट पुढे घेतलं, भात कालवला. "जावयबापू, बसा," ती म्हणाली. "तुमचं वरण हाय गॅसवर." तो बसला नाही. मी त्याला वाढायला उठले नाही.

मी माझं ताट घेतलं आणि आईशेजारी बसले. पहिला घास तोंडात घातला. तोच मसाला, तेच कोकम, लग्नाआधीची ती चव. आणि घास खाली उतरेना. तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. समोर तो उभा होता, आणि मला ओकारी येईल असं वाटलं. कालवणाची नाही, त्याची.

"खारट झालं काय गो?" आईनं विचारलं.

"नाही. तू जेव."

आई पोटभर जेवली. बोटं चाटली, आणखी भात मागितला. मी वाढला, आणि माझ्या ताटातलं कालवणही तिच्या भातावर ओतलं.