आधी भाडेकरूची बाजू

दादरच्या एका सरकारी कार्यालयात एक मॅडम वकिलांच्या प्रमुख आहेत. सरकारी घर रिकामं करून घेण्याचं प्रकरण कोर्टात जाण्याआधी त्या हाताखालच्या एका वकिलाला भाडेकरूच्या बाजूने बोलायला लावतात आणि डोळे मिटून ऐकतात. त्या दिवशी लालबागच्या एका आजींची खोली जाणार होती. वकिलाचं बोलणं संपलं.

“अरे, जिंकलास की तू!” म्हणत त्यांनी वरिष्ठांना फोन लावला. “साहेब, नोटीस मागे घ्या. आजींचं म्हणणं न ऐकताच काढलीय.”

“मॅडम, तुम्ही आमच्या वकील की तिच्या?”

“तुमचीच. म्हणून तर कोर्टाआधी सांगतेय.”

साहेब कुरकुरत राहिले. मॅडमनी फोन ठेवला नाही. शेवटी साहेब “बरं” म्हणाले.

“पळ,” मॅडम वकिलाला म्हणाल्या, “नोटीस मागे घेतल्याच्या कागदावर आत्ताच साहेबांची सही घे. जेवून आले की विचार बदलतात.”