शुभांगीची बेस गिटार

'पहिल्या शिफ्टच्या बसला दुर्दैवी अपघात. एक सहकारी आपल्यात नाही. उत्पादन सुरळीत आहे.' कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एवढंच आलं होतं. माझी सुट्टी होती. नाव कुणी लिहिलंच नव्हतं... दहा जणांना फोन केल्यावर कळलं, शुभांगी गेली. पाच आठवडे झाले, पण 'दुर्दैवी' हा शब्द ऐकला की अजून माझं डोकं फिरतं.

शुभांगी परभणीकडची. चाकणच्या आमच्या कारखान्यात आम्ही शेजारी शेजारी बसून गिअरबॉक्स तपासायचो. मी मोजमापं घ्यायची, ती फिरवून नुसत्या आवाजावरून खोट सांगायची. रविवारी आम्ही चौघं चिंचवडला, माझ्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत वाजवायला जमायचो. मी गायची, ती बेस गिटारवर खालचे, भरीव सूर धरायची. तिची पहिली गिटार ऑनलाइन मागवलेली, शिकाऊ लोकांची. तिची दांडी वाकली, जाड तार खरखरायला लागली, तरी दोन वर्षं तिनं रेटली. मग एकदा म्हणाली, "ताई, आता हिच्यानं होईना. चांगली बघू, पण आपल्याला झेपंल अशी."

दुकानात माझे मिस्टर सोबत आले, तर दुकानदार सगळं त्यांच्याशीच बोलायला लागला. "मॅडमना ही पाच तारांची घेऊन द्या साहेब, नवीन आहे, स्टेजवर उठून दिसते." शुभांगी शांतपणे म्हणाली, "दादा, वाजवणार मी हाय. माझ्याकडं बघून बोला." मग तिनं दोन तास घेतले. एक डोळा मिटून दांडी सरळ आहे का पाहिली, प्रत्येक तार प्रत्येक पट्टीवर दाबून ऐकली. पाच तारांच्या गिटारचा आवाज वरच्या पट्ट्यांवर मरत होता. दुसरी नवी इतकी जड, की तासाभरात खांदा गेला असता. शेवटी तिनं कोपऱ्यातली कुणीतरी वापरून विकलेली गिटार उचलली, वाजवली, आणि तिचा चेहराच बदलला. "रंग उडालाय तिचा," दुकानदार म्हणाला. "रंग कुठं वाजतोय?" ती म्हणाली.

त्याच कानांनी तिनं बसही ऐकली होती. "ब्रेक दाबला की खालून लोखंड घासतंय, ताई. ह्ये चांगलं न्हाई." ड्रायव्हरला सांगितलं. बसचं बघणाऱ्या सुपरवायझरला सांगितलं. तिसऱ्यांदा त्या सुपरवायझरलाच अर्ज लिहून दिला. तो हसून म्हणाला, "मॅडम, तुम्ही गिटार ऐका, बस आम्ही बघतो." मी तिथंच उभी होते. मी काय केलं? तिचा हात ओढून म्हणाले, "चल, जाऊ दे..." माझा सगळ्यात जास्त राग माझ्यावरच आहे.

बारा दिवसांनी उतारावर ती बस थांबलेल्या कंटेनरवर आदळली. शुभांगी पुढच्या सीटवर होती. चौकशीत म्हणे, तिचा अर्ज सापडत नाही.

आणि मागच्या आठवड्यात कंपनीचा वार्षिक कार्यक्रम. आम्हाला गायला बोलावलं! बाकीची दोघं नको म्हणत होती. मी म्हटलं, जायचं, आणि बेसला दुसरं कुणी घ्यायचं नाही. पहिलं गाणं अगदी पोकळ वाजलं. एचआरचे साहेब हसत स्टेजवर आले. "आज आवाज भरत नाहीये, काय कमी पडतंय?"

मी माईकवरच सांगितलं. "शुभांगी कमी पडतेय, साहेब. बसच्या ब्रेकचा आवाज येतोय, ब्रेक खराब आहेत, असं तिनं तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा लिहून. मी साक्षीदार आहे."

माईक बंद झाला. मी ओरडून तेच पुन्हा सांगितलं. पुढच्या रांगेतले साहेब लोक उठून गेले. मागचं कुणी हललं नाही. मग तळेगावच्या बसनं येणारी, मला नावानंही माहीत नसलेली एक बाई उभी राहिली.

"ताई," ती म्हणाली, "आमच्या बसचा बी येतोय आवाज."