टेक्सासचा भाव, डोंबिवलीची गाडी

धम्मपाल बनसोडेला आयुष्यात सल्ल्यांची ददात कधी पडली नाही. डोंबिवली एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात तो शिफ्ट इनचार्ज. तिथे त्याने मान हलवल्याशिवाय कोणी व्हॉल्व्हला हात लावत नसे. घरी मात्र उलटा कारभार. फ्लॅट मामांनी पसंत केला, म्हणून दुपारी तीननंतर हॉलमध्ये भट्टी पेटते. फ्रिज मेहुण्याने सुचवला, तो स्वयंपाकघराच्या दारातून आत गेलाच नाही आणि गेली अकरा वर्षं टीव्हीशेजारी उभा आहे. धम्मपाल चिडायचा, धुसफुसायचा, पण समोरच्याला "नाही" म्हणायची वेळ आली की त्याच्या तोंडून "बघू" निघायचं. आणि त्याचं "बघू" म्हणजे होकारच, हे सगळ्या नातेवाइकांना पाठ झालेलं.

म्हणूनच गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा तो कोणाशी बोलला नाही. सप्टेंबरात छोट्या गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला, आईचे गुडघे रिक्षात चढताना कुरकुरायला लागले, आणि चोपन्नाव्या वर्षी त्याला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. बायकोला, वैशालीला घेऊन तो कल्याण-शीळ रोडवरच्या एका शोरूममध्ये गेला. गाडी चालवून बघितली. निळी, ऑटोमॅटिक, बसायला उंच. आईला वाकावं लागणार नाही अशी. डाव्या पायाला काही कामच नाही, याचंच त्याला भारी अप्रूप वाटलं.

"घ्यायची," तो म्हणाला.

वैशालीने त्याच्याकडे वळून बघितलं. पंचवीस वर्षांच्या संसारात 'बघू' न लावता आलेलं हे पहिलंच वाक्य असावं.

चूक झाली ती रविवारी. रविवारी सकाळी अमेरिकेतून धाकट्या भावाचा, रत्नदीपचा फोन यायचा. टेक्सासात डॅलसजवळ त्याचं आणि बायकोचं, दीप्तीचं घर, सॉफ्टवेअरमध्ये मोठी नोकरी. आईशी बोलून झालं आणि आईनेच आनंदाच्या भरात सांगून टाकलं, "धम्मा गाडी घेतोय रे!"

"दादाला दे फोन," रत्नदीप म्हणाला. "दादा, सही नाही ना केलीस कुठे?"

"उद्या बुकिंगचे पैसे भरतोय."

"अजिबात भरू नको! भाव किती सांगितला त्यांनी? आणि डिस्काउंट किती?"

"डिस्काउंट नाहीये त्या मॉडेलवर."

पलीकडे रत्नदीप असा हसला, जणू दादाला कोणी स्टेशनबाहेर सोन्याची वीट विकली होती. "दादा, छापील किमतीला गाडी कोण घेतं? इकडे माझ्या शेजाऱ्याला परवा तीन हजार डॉलर कमी करून दिले. वर शून्य टक्के व्याज. महिनाअखेरीला जायचं, भाव बोलायचा, ऐकलं नाही तर सरळ उठायचं. दारापर्यंत पोचायच्या आत मॅनेजर धावत येतो."

"अरे, पण इथे..."

"इथे-तिथे काही नसतं, डीलर सगळीकडे डीलरच. तू मला व्हिडिओ कॉलवर घे, मी बोलतो त्यांच्याशी."

धम्मपालने तोंड उघडलं आणि सवयीने म्हणाला, "बघू."

झालं! पुढच्या शनिवारी तो शोरूममध्ये बसला होता, समोर पाण्याच्या बाटलीला मोबाईल टेकवलेला, आणि मोबाईलमध्ये भाऊ. तिकडे पहाट, पण रत्नदीप कॉलरचा शर्ट घालून तयार. टेबलापलीकडे संचिता नावाची सेल्समधली मुलगी, केस घट्ट बांधलेली, चेहऱ्यावर नोकरीपुरतं हसू.

रत्नदीपने इंग्रजीतून सुरुवात केली. गाडीचा कारखान्यातून निघतानाचा भाव काय, तुमचं मार्जिन काय, आम्ही बारा टक्के कमी देऊ. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. धम्मपालने मोबाईलचा आवाज कमी केला, तर रत्नदीप आणखी मोठ्याने बोलू लागला.

"सर, बारा टक्के मी आणू कुठून?" संचिता मराठीतच म्हणाली. "आम्हाला सगळं मिळून मिळतं त्याच्या निम्म्याहून कमी. एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते. त्यात जीएसटी आलाच. वर आरटीओचा टॅक्स, इन्शुरन्स. ऑन-रोड आकडा मोठा दिसतो, पण त्यातला मोठा वाटा सरकारचा आहे, माझ्या हातातला नाही."

"इकडे टॅक्स सहा-सात टक्के आहे," रत्नदीप म्हणाला, जणू भारतातला टॅक्स संचितानेच लावला होता.

"असेल ना, सर. तिकडे माझे मावसभाऊ आहेत, ते सांगतात. डीलरच्या पटांगणात दोन-दोनशे गाड्या उभ्या असतात, बँकेचं कर्ज काढून आणलेल्या. एकेका दिवसाचं व्याज चढतं, म्हणून महिनाअखेरीला देतात सोडून. आमच्याकडे पण पडून राहिलेल्या गाडीवर सूट असते, नाही असं नाही. पण ही निळी ऑटोमॅटिक माझ्याकडे उभीच नाहीये. आधी बुक होते, मग कारखान्यातून येते. टॅक्स कमी झाल्यापासून तर रांग लागलीये. जी गाडी घ्यायला चार जण उभे आहेत, तिच्यावर मी सूट कशाला देऊ, तुम्हीच सांगा."

धम्मपालला हे पटलं. कारखान्यात पण तेच होतं, मागणी असलेला रंग कधी सवलतीत गेलाय? तो खिशातलं कार्ड काढणार, इतक्यात मोबाईलमधून आवाज आला, "दादा, ऊठ. निघ तिथून. बघ कसे येतात धावत."

मोबाईल हातात घेऊन धम्मपाल उठला. का उठला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. वैशाली म्हणाली, "अहो, बसा ना," पण तो चालायला लागला होता. काचेचं दार सरकलं. बाहेर वॉचमनने सलाम ठोकला. तो पार्किंगपर्यंत गेला, उगाच बुटाची लेस बांधली, दुसऱ्या बुटाची पण बांधली. मागे वळून पाहिलं तर काचेतून संचिता दिसत होती. ती पुढच्या गिऱ्हाइकाला खुर्ची देत होती.

"आला का कोणी?" रत्नदीपने विचारलं.

"वैशाली आली," धम्मपाल म्हणाला आणि फोन कट केला.

वैशाली घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. चपला काढताना मात्र बोलली. "भाऊजींना तिकडे गाडी पडते चार-पाच महिन्यांच्या पगारात. तुम्हाला वर्षाच्या पगारात होत नाही. आणि भाव त्यांनी करायचा? त्यांच्याकडे एवढी छोटी गाडी विकत तरी मिळते का? ते सांगतात तो भाव कुठल्या गाडीचा, आपण घेतो ती कुठली! चिंचेला आंब्याचा भाव लावायचा आणि वर आपल्यालाच शहाणपण शिकवायचं."

"मला कशाला सांगतेस? त्याला सांग."

"तुमचा भाऊ आहे. तुम्ही सांगा."

त्याने सांगितलं नाही. उलट रत्नदीपच्या सांगण्यावरून पुढच्या आठवड्यात सुट्टी टाकून ठाण्याला गेला, नौपाड्यातल्या एका शोरूममध्ये. तिथे पंचवीस हजारांची सूट निघाली. धम्मपालचा चेहरा उजळला. मग कोटेशन नीट वाचलं, तर इन्शुरन्स डोंबिवलीपेक्षा वीस हजारांनी महाग, 'हँडलिंग' म्हणून काहीतरी वेगळंच लावलेलं, आणि सीट कव्हरं सक्तीची. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं. दुपारच्या उन्हात तो स्टेशनपर्यंत चालत आला. अमेरिकेतल्या भावाला, ठाण्यातल्या डीलरला आणि सगळ्यात जास्त स्वतःला शिव्या घालत.

डिसेंबर असाच गेला. जानेवारीत कंपनीने किमती वाढवल्या. आणि नेमका त्याच आठवड्यात संचिताचा फोन आला. आवाजात राग नव्हता, तेच धम्मपालला जास्त लागलं.

"सर, जुन्या भावातल्या निळ्या सगळ्या गेल्या. आता बुक केलीत तर नव्या भावाने, महिना-दीड महिना थांबावं लागेल. पण माझ्याकडे मागच्या वर्षी बनलेली एक उभी आहे. वर्ष पालटलं की तिची किंमत पडते, म्हणून आम्ही पन्नास हजार सूट देतोय. रंग मातकट आहे, आणि गिअरची आहे."

धम्मपालने रविवारी हे भावाला सांगितलं, आणि रत्नदीपला तर हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. "बघ! म्हणालो नव्हतो? डिस्काउंट असतो! लगेच घे, दादा!"

"ती गिअरची आहे."

"मग काय झालं?"

"क्लच दाबावा लागतो."

"अरे, सगळं जग दाबतं क्लच! पन्नास हजारांसाठी पाय हलव ना जरा. तू ना, कायम असाच. समोर फायदा दिसत असताना..."

"रत्नू," धम्मपाल म्हणाला. "डावा पाय."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

रत्नदीप इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता तेव्हाची गोष्ट. कारखान्यात ॲसिडचा पाइप सुटला आणि धम्मपालच्या डाव्या पायावर, घोट्यापासून पंजापर्यंत, ॲसिड सांडलं. पाय वाचला, पण घोटा तेव्हापासून पुरता वाकत नाही. हॉस्पिटलात त्याच्या उशाशी बसून रत्नदीपने परीक्षेचा अभ्यास केला होता. त्याला हे सांगायची गरज नव्हती. त्याला माहीत होतं. तो विसरला होता.

धम्मपालच्या आत जे काही इतके दिवस खदखदत होतं, ते वर आलं. "दोन महिने झाले, तू मला उठबस करायला लावतोयस. ऊठ दादा, बस दादा, निघ दादा. मला गाडी आवडलेली. मला परवडत होती. मी कधी काही स्वतःहून मागितलं नाही रे! ही एक वस्तू बघून आलेलो, तर तू तिचा टेक्सासचा भाव काढत बसलास. तिकडची गाडी तू तिकडे घे. मी इकडे राहतो, मी इकडची घेणार. आता भाव पण वाढला, तो पण मीच भरणार. आणि पुन्हा मला 'ऊठ' म्हणालास ना, तर बघ!"

त्याने फोन ठेवला. स्वयंपाकघरात वैशालीने पोळी लाटणं थांबवलं होतं. आईने, रमाबाईंनी, हातातला पेला तसाच धरला होता. धम्मपाल गॅलरीत जाऊन उभा राहिला आणि तिथूनच ओरडला, "चहा टाका कोणीतरी!"

तीन-चार दिवसांनी, रविवार नसताना, रत्नदीपचा फोन आला. धम्मपाल शिफ्टवरून येऊन पाय गरम पाण्यात सोडून बसला होता.

"दादा, माझी गाडी मी कितीला घेतली माहितीये?"

"मला कुठल्याच गाडीचा भाव ऐकायचा नाहीये."

"ऐक तरी. कोविडनंतर इकडे गाड्याच नव्हत्या. गाडीत बसवायची चिप मिळत नव्हती, डीलरची पटांगणं रिकामी. माझी जुनी बंद पडली, दीप्तीचे दिवस भरत आलेले, तिला दवाखान्यात न्यायला गाडी पाहिजेच होती. डीलरने छापील किमतीच्या शेजारी आणखी एक कागद चिकटवला, वरचे चार हजार डॉलर. मी म्हणालो, हे कशाचे? तो म्हणाला, बाजार तसा आहे. मी उठलो, दारापर्यंत गेलो. मागून कोणी आलं नाही. मग मीच परत गेलो आणि सही केली."

धम्मपालने पाय पाण्यातून बाहेर काढला.

"कोणाला सांगितलं नाही मी. दीप्तीला पण नाही. तेव्हापासून ना, कोणी गाडी घेतो म्हणालं की माझं डोकं फिरतं. वाटतं, याला तरी फसू द्यायचं नाही."

"मग तेव्हा मला फोन करायचास."

"तू काय सांगणार होतास? तुला काय माहिती इकडचं?"

"काही नसतं सांगितलं," धम्मपाल म्हणाला. "ऐकलं असतं."

धम्मपालने टॉवेल ओढून पाय पुसला. मग रत्नदीपने विचारलं, "पाय कसाय?"

"आहे तसाच आहे. आता माझ्या लक्षात यायला लागलं रे, इकडे रांग लागली की सूट नाही, तिकडे रांग लागली की वरचे पैसे. डीलर सगळीकडे डीलरच, हे तू बरोबर बोललास. बाकी सगळं चुकलास."

रत्नदीप हसला, आणि यावेळी धम्मपालही थोडा हसला.

दुसऱ्या दिवशी त्याने शोरूममध्ये जाऊन बुकिंग केलं. नव्या भावाने. संचिताने सूट दिली नाही, पायातल्या मॅट्स मात्र स्वतःहून फुकट लिहून दिल्या आणि म्हणाली, "सर, या वेळी उठून जाऊ नका हं." त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्याने सही केली.

फेब्रुवारीच्या शेवटी गाडी आली. पहिल्यांदा कुठे जायचं, यावर चर्चा झालीच नाही. रमाबाईंना आंबिवलीला जायचं होतं. तिथल्या चाळीत त्यांचा संसार झाला होता, धम्मपालचे वडील जगन तिथूनच कंपनीत कामाला जायचे. बुद्धविहारात वंदना करायची आणि जुन्या बायांना भेटायचं, एवढाच त्यांचा बेत.

कल्याणच्या पुलावर पाऊण तास गेला. आंबिवलीत पोचले तर गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी रेतीचा ढीग टाकलेला. धम्मपालने गाडी पुढे घेतली, मागे घेतली, आरसे मिटले, उघडले. शेवटी गल्लीच्या तोंडालाच लावली, खाली उतरला आणि घाम पुसत म्हणाला, "आई, उतर. इथून चालत जाऊ."

"कशाला उतरू?" रमाबाई म्हणाल्या. त्यांनी खिडकीची काच खाली करायला लावली आणि गल्लीकडे तोंड करून हाक मारली, "अगं शांते! ये गं इकडे, मी आलेय!"

शांताबाई आली. तिच्या मागून आणखी दोघी आल्या. एकीने दार उघडलं आणि ती आत जाऊन बसलीच. दुसरीने विचारलं, "केवढ्याला पडली रे धम्मा? माझ्या भाच्याला उल्हासनगरला कमी भावात मिळाली बघ, वर सोन्याचं नाणं दिलं." रमाबाई एसीचं बटण शोधत होत्या. मागून एका रिक्षावाल्याने हॉर्न दाबला, तो सोडायलाच तयार नव्हता.

"अरे, थांब ना, बाबा!" धम्मपाल त्याच्यावर खेकसला. मग खिडकीतून वाकून आईला म्हणाला, "आई, त्यांना सांग आत सरकून बसायला. सगळ्यांना पुढून एक चक्कर मारून आणतो."