भिवा मेस्तांची अरुंद यॉट

देवबागहून मासळी घेऊन येणाऱ्या पारूने पाटी पायरीवर टेकवली आणि म्हणाली, "गुरुजी, भिवा मेस्त गेले. काल सांजचे." मी बांगडे घेतले, आत आलो, आणि पुस्तकांच्या कपाटावरच्या लाकडी यॉटला शब्दकोशाचा टेकू नीट बसवला. त्याला आता महिना झाला. वाचायला बसतो आणि दोन पानांत उठतो...

मेस्तांची ओळख झाली तेव्हा गोव्यात अजून पोर्तुगीज होते आणि मी मालवणात इंग्रजी शिकवत होतो. मेस्त होड्या बांधत. पावसाळ्यात काम बंद असलं की फणसाच्या लाकडातून हातभर लांबीच्या होड्या कोरत. माझ्याकडच्या एका विलायती मासिकात शर्यतीच्या शिडाच्या यॉटचे फोटो होते. त्यांवरून त्यांनी दोन नामांकित यॉट हुबेहूब केल्या, अगदी शिडाच्या दोऱ्यांसकट. पण कुठलीही होडी ते आधी जाळ्याचं शिसं बांधून खाडीत सोडत. मी एकदा म्हणालो, "काचेच्या कपाटात ठेवायच्या वस्तूला पाणी कशाला?"

"आसांदे. पाण्याक इचारल्याशिवाय मी होडी कोणाक देवचंय नाय."

मालवणात आलेल्या मुंबईच्या एका गृहस्थांना त्या दोन यॉट आवडल्या. त्यांनी एका प्रसिद्ध यॉटचा नकाशा पाठवला. दिवाळीपर्यंत ही जमली तर आणखी सहा हव्या होत्या. इंजिनाच्या होड्या येऊ लागल्या होत्या, मेस्तांकडे वर्षभरात नवीन काम आलं नव्हतं. मापं मी मराठीत उतरवून दिली. आठ दिवसांनी ते दारात उभे. "गुरुजी, ही बारीक दिसता. उभी रवाची नाय."

"मेस्त, छापलेलं आहे ते."

"छापलेला मगे बरोबरच आसतला. आमी आपले वाशे तासणारे," म्हणाले, आणि गेले.

यॉट झाली. खाडीत सोडली आणि आडवी झाली. पुन्हा सोडली, पुन्हा आडवी. घरी येऊन मी नकाशा उलगडला. त्यात मधल्या रेषेपासून एकाच बाजूची रुंदी दिली होती, खाली तसं बारीक अक्षरांत लिहिलंही होतं. तीच मी पूर्ण रुंदी म्हणून सांगितली होती.

दुसरी करायला दिवस उरले नव्हते. गृहस्थांचा माणूस आला तेव्हा मी तिथेच होतो. मेस्त त्याला म्हणाले, "लाकूड ओला होता. चूक माझी." मी बोललो नाही. इंग्रजीच्या मास्तराचं हसं होईल, एवढंच डोक्यात होतं. तो माणूस गेल्यावर मेस्तांनी यॉट माझ्या हातात ठेवली. "घेवा गुरुजी. तुमच्या मापाची आसा, तुमच्याकडेच रवांदे."

म्हणजे त्यांना कळलं होतं. तरी नंतरही मी कबूल केलं नाही, त्यांनी विचारलं नाही. त्या सहा यॉट कधीच आल्या नाहीत. ओलं लाकूड वापरणारा मेस्त, असं गावात बोललं गेलं. पुढे ते दारं-खिडक्या करत राहिले.

लाकूड ओलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्याला एक चीर गेलेली नाही.

परवा मी शब्दकोश काढून घेतला. आता ती यॉट भिंतीला कलून असते. वाचताना मान वर केली की दिसते... सरळ करायला हात जातो. करत नाही.