पोत्यातली सायकल

माझी थोरली बहीण अकोल्याला जुन्या शहरात राहते, मोर्णा नदीच्या पलीकडे. आंघोळ झाल्याशिवाय ती तोंडात घास घालत नाही, जन्माचा नेम आहे. आता गुडघे गेले, एकटीनं न्हाणीत उतरणं होत नाही, वरून साखरेचा आजार. लेक सोबत आहे, पण लेकीची दवाखान्यात सकाळपाळी असली की ती अंधारातच निघून जाते. शेजारीण गुणाची आहे हो, पण शेजारणीसमोर लुगडं सोडायचं म्हणजे हिला मरण. म्हणून त्या दिवशी अमरावतीहून मी जाते. मी पोचेपर्यंत ही बाई उपाशी.

आता सायकलीचं सांगते. माझ्या मुलीनं हौसेनं घडीची सायकल घेतली होती, मग स्कूटी आली आणि सायकल जिन्याखाली गेली. मी काढली, पुसली, गल्लीत चालवून पाहिली. चाकं लहान, दांडा खाली, लुगड्यातही बसता येतं. नाहीतर इकडे ऑटो भरल्याशिवाय हलत नाही, अन् तिकडे अकोल्याचा ऑटोवाला पुलापाशीच म्हणतो, उतरा, पुढं गल्लीत गाडी शिरत नाही. सायकल असली की मी थेट बहिणीच्या ओट्याशी.

एवढी सोपी गोष्ट. पण लोकांना बघवली पाहिजे ना.

सायकल घेऊन पहिल्यांदा निघाले, त्या सकाळी स्टँडवर अकोल्याची गाडी लागली होती. मी सायकल घडी केली, कडी लावली, पायरीवर ठेवली. कंडक्टरनं हात आडवा घातला.

"मावशी, हे काय व्हय?"

"सायकल."

"सायकल नाई घेत गाडीत."

"घडी केली ना बाप्पा. मांडीवर घेऊन बसते."

"वाहन नाई चालत म्हटलं ना."

त्याच वेळी माझ्या बगलेतून एक जण भलामोठा कूलर घेऊन चढला, गवताच्या जाळ्यांसकट. मागून एका घरची माणसं लग्नाच्या रुखवताचे डबे, परात, घागर असं सगळं आत देत होती. मी म्हटलं, "कूलर चालते, घागर चालते, मंग मायी सायकल कावून नाई?"

"थे सामान आहे. हे वाहन आहे."

खिडकीतला एक माणूस, वयानं माझ्याएवढाच असेल, हसून म्हणाला, "आजीबाई, घरी पोरायनं गाडीवर बसवनं सोडलं काय?" बाकीचेही हसले. त्याला मी काय सांगू? माझ्या घरी स्कूटी आहे, जावयाची मोटार आहे. पण आमच्याकडे म्हातारी बाई सायकलवर दिसली की लोकांना दोनच गोष्टी सुचतात: एक तर घरच्यांनी टाकली, नाहीतर डोक्यावर परिणाम झाला. शेतात ओणवी होऊन दिवसभर कापूस वेचला तर म्हातारी कष्टाळू, अन् सायकलवर बसली की येडी.

मी त्या खिडकीतल्याच्या तोंडी लागले आणि तिकडे कंडक्टरनं घंटी मारली. गाडी गेली. मी आणि सायकल फलाटावर.

मला रडू नाही आलं, संताप आला. डोळ्यासमोर बहीण दिसत होती, पलंगाच्या काठावर, दाराकडे तोंड करून.

बाजूला मूर्तिजापूरला जाणारी एक बाई बसली होती. तिनं सगळं पाहिलं होतं. आपल्या पिशवीतून खताचं रिकामं पोतं काढून माझ्यापुढं धरलं. "याच्यात टाका बाई. सायकल दिसली की नियम दिसते त्याईले."

मला पटत नव्हतं. चोरीची वस्तू आहे का ही? पण पुढची गाडी लागली होती. दोघींनी मिळून सायकल पोत्यात घातली, तोंड सुतळीनं बांधलं. या गाडीच्या कंडक्टरनं पोत्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उलट म्हणाला, "मावशी, सीटखाली सरकवा." तीच सायकल, तेवढीच जड, तेवढीच जागा. अकोल्यापर्यंत माझा जीव नुसता चरफडत होता.

पोचले तर उपाशीपोटी साखर उतरून बहिणीचे हात थरथरत होते, कपाळावर घाम. मी आधी गुळाचा खडा तिच्या तोंडाशी नेला. तिनं मान फिरवली.

"आंघोय नाई झाली मायी."

"देव पाहून घेईन. तोंड उघड."

दात आवळून बसली होती. मी अक्षरशः कोंबला. आयुष्यात पहिल्यांदा तिचा नेम मोडला, तोही एका कंडक्टरच्या पायी. न्हाऊन, भाकर खाऊन शांत झाल्यावर तिला सगळं सांगितलं. म्हटलं, पुन्हा पोत्यात नाही घालणार, भांडीन.

"भांडशीन तवा भांड," ती म्हणाली. "मी तवरिक उपाशी राहू काय? पोत्यातच आनत जाय."

तेव्हापासून पोतं. राग काही कमी झाला नाही. फक्त अकोल्याला उतरले की मी आडोशाला जात नाही, कंडक्टरच्या समोरच सुतळी सोडते, सायकल उलगडते, कडी लावते.

परवा एक जण बघतच राहिला. "मावशी, हे त सायकल व्हय."

"व्हय," मी म्हटलं. "अमरावतीपासून तुयाच गाडीत आली. सरक आता, मायी बहीण जेवाची आहे."